पॅम आणि बावी: मार्च २०१५ ची जुळी वादळं आणि त्यांच्या मधून वाहिलेला वारा

जुळ्या चक्रीवादळांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच मे २०२२ चा तो सॅटेलाइट फोटो निघतो, वर बंगालच्या उपसागरात असानी आणि विषुववृत्ताच्या खाली करीम. फोटो भारीच आहे, वाद नाही. पण त्या जोडीने पुढे फार काही उलथापालथ केली नाही. ज्या जोडीकडे हवामानवाले डोळे लावून बसले होते ती त्याच्या सात वर्षं आधीची, मार्च २०१५ ची, आणि ती आपल्या समुद्रात नव्हतीच, पार पॅसिफिकमध्ये होती. पॅम आणि बावी. पॅमचं नाव काही जणांनी ऐकलं असेल कारण त्याने एक अख्खा देश आडवा केला, बावी मात्र कोणाला आठवत नाही, ते तसं किरकोळच होतं. माझं म्हणणं असं की या केसमध्ये मुख्य पात्र पॅम पण नाही आणि बावी पण नाही, मुख्य पात्र आहे तो त्या दोघांच्या मधून, बरोब्बर विषुववृत्तावरून, नेहमीच्या उलट दिशेने वाहिलेला वारा. तो धरून चाललं तर गोष्ट व्हानुआटूपासून (पॅमने आडवा केलेला तो पॅसिफिकमधला बेटांचा देश) निघून पेरूच्या किनाऱ्यावरून फिरत लातूरच्या रेल्वे स्टेशनपर्यंत येते. अर्थात सरळ रेषेत येत नाही, आणि ती कुठे कुठे वळते तेच बघायचंय.

तो आठवडा

मार्च २०१५ सुरू झाला तेव्हा पॅसिफिकमध्ये वातावरण आधीच तयार होतं. आंतरराष्ट्रीय तारीखरेषेच्या आसपासचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं आणि ५ मार्चला अमेरिकेच्या नोआने (तिकडची समुद्र-हवामान संस्था) अधिकृतपणे सांगून टाकलं की एल निनो आलाय, पण कमजोर आहे (एल निनो म्हणजे मध्य आणि पूर्व पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, ज्याने आपला मान्सून बऱ्याचदा कमी होतो). आणि दुसऱ्याच दिवशी, ६ मार्चला, सॉलोमन बेटांच्या पूर्वेला एक कमी दाबाची गडबड सुरू झाली. ९ तारखेला फिजीच्या हवामान खात्याने तिला पॅम नाव दिलं. तिकडे विषुववृत्ताच्या वर मार्शल बेटांजवळ दुसरा भोवरा जमत होता, त्याला ११ तारखेला जपानच्या हवामान संस्थेने बावी म्हटलं (नाव व्हिएतनामने दिलेलं, हनोईजवळच्या डोंगररांगेचं). दोघंही साधारण १७० पूर्व रेखांशाच्या आसपास, एक उत्तरेला एक दक्षिणेला.

तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक, पण त्याच दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला कोरल समुद्रात नेथन घुटमळत होतं आणि पश्चिम किनाऱ्यावर ओल्विन एक्समाउथ-कार्नार्वनच्या दिशेने निघालं होतं. म्हणजे एकाच वेळी चार नावं असलेली वादळं, आणि ती सगळी पूर्व हिंदी महासागर ते मध्य पॅसिफिक या एकाच पट्ट्यात. असं काही दिसलं की समजायचं, चार वादळांना चार वेगवेगळी कारणं शोधत बसण्यात अर्थ नाही, मागे काहीतरी एकच मोठं चाललंय. त्यावर येतोच, आधी पॅमचं उरकू.

पॅम १२ मार्चला ऑस्ट्रेलियन मोजमापातल्या पाचव्या म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं आणि १३ च्या रात्री व्हानुआटूच्या एफाटे बेटाला पूर्वेकडून घासून गेलं. राजधानी पोर्ट व्हिला याच बेटावर आहे. दहा मिनिटांच्या सरासरीने वारा ताशी २५० किलोमीटरपर्यंत, केंद्रातला दाब ८९६ हेक्टापास्कल. तुलनेसाठी सांगतो, २०१९ चं फनी पुरीला धडकलं तेव्हा आपल्या हवामान विभागाने वारा ताशी १७५ ते १८० दिला होता (आपल्याकडे सरासरी तीन मिनिटांची धरतात, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तंतोतंत तुलना नका करू, पण अंदाज येतो). नंतर पॅम एरोमांगा आणि टान्ना या दक्षिणेकडच्या बेटांवरून गेलं, तिथली केळी, कंदमुळं, सगळं उभं पीक झोपलं. नुकसानीचा हिशोब झाला तेव्हा तो देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ६४ टक्क्यांच्या आसपास निघाला. एका रात्रीत! आणि एवढं होऊन मृतांचा आकडा मात्र दहा-पंधराच्या घरात राहिला, जे त्या वेगाच्या वादळासाठी खरंच कमी आहे. लोकांना इशारे वेळेवर मिळाले, मोबाइलवर मेसेज गेले, आणि टान्नावर काही गावांत जमिनीला टेकलेल्या छपरांची जी जुनी पारंपरिक घरं आहेत त्यांत माणसं शिरून बसली, सिमेंटच्या खोल्यांचे पत्रे उडाले पण ती टिकली.

एक गोष्ट मला या सगळ्यात कायम विचित्र वाटते. १४ मार्चला जपानमध्ये सेंदाईला संयुक्त राष्ट्रांची आपत्तीचा धोका कमी करण्यावरची जागतिक परिषद सुरू होणार होती आणि व्हानुआटूचे राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल त्याच परिषदेसाठी तिकडे होते. घरी देश उडतोय, फोन लागत नाहीत, आणि हे आपत्ती व्यवस्थापनाच्या व्यासपीठावर. त्यांनी तिथूनच जगाकडे मदत मागितली.

आणि नुकसान फक्त वाऱ्याच्या वाटेत आलेल्यांचंच झालं असंही नाही. तुवालू पॅमच्या केंद्रापासून खूप लांब होतं, वादळ तिकडे गेलंच नाही, पण समुद्राच्या लाटा गेल्या. ज्या देशाची जमीन पाण्यापासून दोन-चार मीटरच वर आहे तिथे लाट हाच पूर. तुवालूचे पंतप्रधान एनेले सोपोआगा यांनी ४५ टक्के लोकांना घर सोडावं लागल्याचं सांगितलं होतं. किरिबातीलाही फटका बसला.

बावीचं काय? ते पश्चिमेला सरकत राहिलं, १५ मार्चच्या सुमारास ग्वामजवळून गेलं आणि विरून गेलं. बातमीत दोन ओळी. पण या केससाठी बावी पॅमइतकंच महत्त्वाचं आहे, कारण ते नसतं तर जोडी झालीच नसती.

जोडी का जमते

आता थोडं सायन्स, कंटाळवाणं करत नाही.

पहिली गोष्ट, नेमक्या विषुववृत्तावर चक्रीवादळ होत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जे वळण मिळतं ते तिथे शून्य असतं, त्यामुळे हवा कमी दाबाकडे सरळ धावते आणि खड्डा भरून टाकते, गरगरायला लागतच नाही. साधारण पाच अंश वर किंवा खाली गेलं की मग जमतं. अपवाद आहे, डिसेंबर २००१ मध्ये वामेई नावाचं वादळ सिंगापूरजवळ जेमतेम दीड अंशावर झालं होतं, पण त्याला अपवाद म्हणूनच लक्षात ठेवतात.

दुसरी गोष्ट, समजा विषुववृत्तावर हजारो किलोमीटर पसरलेला मोठा ढगांचा समूह उभा राहिला, भरपूर पाऊस पडतोय, वाफेचं पाणी होताना प्रचंड उष्णता हवेत सुटतेय. तर आजूबाजूची हवा याला उत्तर कसं देईल? हे गणित जपानच्या तारो मात्सुनो यांनी १९६६ मध्ये आणि मग १९८० मध्ये एड्रियन गिल यांनी मांडलं, आणि उत्तर फार सुंदर आहे. त्या गरम जागेच्या पूर्वेला वारा विषुववृत्ताला धरून सरळ पट्टीत जातो, ही केल्विन लाट. आणि पश्चिमेच्या अंगाला दोन भोवरे बनतात, एक विषुववृत्ताच्या उत्तरेला, एक दक्षिणेला, ही रॉस्बी लाट. म्हणजे जोडी ही कोणाची करामत नाही, ती त्या समीकरणातच आहे. ते भोवरे सुरुवातीला नुसतेच मोठे, ढिले, हजारभर किलोमीटरचे वळसे असतात, आणि समुद्र गरम असेल, वरच्या थरातला वारा आडवा येत नसेल, तर त्यांच्या पोटात खरीखुरी चक्रीवादळं बनतात.

बहुतेक वेळा दोनपैकी एकच मोठं होतं, दुसऱ्या बाजूला ऋतू साथ देत नाही. मार्च-एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर असे मधले महिने असले की सूर्य विषुववृत्ताजवळ असतो, दोन्हीकडचं पाणी बऱ्यापैकी सारखं गरम, म्हणून जुळी तेव्हाच जास्त दिसतात. मार्च २०१५ मध्ये सुद्धा दक्षिणेकडचं पॅम राक्षस झालं आणि उत्तरेकडचं बावी अशक्त राहिलं, कारण उत्तर गोलार्धाचा हंगाम अजून यायचा होता.

आता मधला वारा. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं, दक्षिणेत घड्याळाच्या दिशेने. रसवंतीतला चरक डोळ्यासमोर आणा, दोन रूळ, एक इकडे फिरतोय एक तिकडे, आणि ऊस मधून खेचला जातो. इथेही तेच. वरच्या वादळाची खालची कड आणि खालच्या वादळाची वरची कड, दोन्ही हवेला पश्चिमेकडून पूर्वेकडे ढकलतात. दोघांचा जोर एकाच पट्टीवर, आणि ती पट्टी म्हणजे विषुववृत्त.

यात एवढं काय? तर पॅसिफिकमध्ये विषुववृत्तावर वारा वर्षभर उलट असतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे, ते व्यापारी वारे. त्या वाऱ्यांनीच गरम पाणी ढकलत ढकलत इंडोनेशियाच्या बाजूला साठवून ठेवलेलं असतं, आणि पेरूच्या बाजूला खालून थंड पाणी वर येत असतं. तो वारा जर काही दिवस थांबला, थांबला काय उलटाच फिरला, तर साठवलेलं पाणी पूर्वेला निघतं.

इथे एक कोंबडी-अंड्याचा प्रश्न येतोच, वादळांमुळे वारा उलटला की वारा उलटला म्हणून वादळं झाली? दोन्ही. पण मला विचाराल तर आधी पट्टा, मग वादळं. उलट्या वाऱ्याचा पट्टा हजारो किलोमीटर लांब होता, त्यातली वादळं काही शे किलोमीटरची. पट्ट्याने वादळांना गिरकी दिली आणि वादळांनी मधला वारा आणखी करकचून दिला. रिचर्ड कीन यांनी १९८२ मध्येच विषुववृत्ताच्या दोन बाजूंच्या वादळजोड्या आणि पॅसिफिकमधली दाबाची उलथापालथ यांचा संबंध मांडला होता, आणि चार वर्षांनी मे १९८६ मध्ये नामू आणि लोला ही जोडी आली. नामूने सॉलोमन बेटांवर शंभराहून जास्त माणसं मारली, आणि त्या वर्षाच्या शेवटी १९८६-८७ चा एल निनो उभा राहिला. आपल्याकडे १९८७ चा दुष्काळ जुन्या लोकांना आठवत असेल.

मागचा मोठा हात: एमजेओ

मग चार वादळं एकाच पट्ट्यात आणणारं ते एक मोठं काय होतं? मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन, सगळे एमजेओ म्हणतात, मी पण तेच म्हणतो.

१९७१ मध्ये रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन हे दोघं पॅसिफिकमधल्या कॅन्टन बेटावरच्या फुग्यांचा जवळजवळ दहा वर्षांचा डेटा चाळत होते. फुगे म्हणजे हवामानाचे, रोज वर सोडून दाब-वारा मोजतात ते. त्यात त्यांना दिसलं की वारा दर ४०-५० दिवसांनी आलटून पालटून बदलतोय, ठरल्यासारखा. हे कॅन्टन बेट आज किरिबातीत आहे, म्हणजे ज्या देशाला पॅमचा फटका बसला त्याच देशात. पुढे कळलं की हा प्रकार एका बेटापुरता नाही, ढगांचा आणि पावसाचा एक अवाढव्य समूह हिंदी महासागरात उठतो आणि दिवसाला साधारण ४०० किलोमीटर या वेगाने पूर्वेला सरकत पॅसिफिकमध्ये जातो, त्याच्या मागे कोरडा पट्टा, आणि मग महिना-दोन महिन्यांनी पुन्हा.

आपला मान्सून बघणारे लोक याच्यावर नजर ठेवूनच असतात. एमजेओ हिंदी महासागरावर असला की पावसाला जोर, पॅसिफिकमध्ये निघून गेला की आपल्याकडे बऱ्याचदा खंड.

त्याची ताकद मोजायला एक निर्देशांक आहे, १ च्या वर गेला की एमजेओ सक्रिय, २ म्हणजे जोरदार, ३ क्वचित. १६ मार्च २०१५ ला तो साडेचारच्याही वर गेला. १९७४ पासूनच्या नोंदीत तेवढा मोठा आकडा आधी नव्हता. तो आलेख ठरावीक चौकटीत काढतात आणि त्या वेळी रेघ चौकटीबाहेरच निघून गेली होती, ज्यांनी तेव्हा बघितलं त्यांना आठवत असेल. एवढा का झाला, तर तारीखरेषेजवळचं पाणी आधीच गरम होतं, पश्चिम पॅसिफिकवर आलेल्या ढगांना तिथे आयतं खाद्य मिळालं. म्हणजे समुद्राने हवेला जोर दिला, हवेने वादळांना, आणि वादळांच्या मधल्या वाऱ्याने परत समुद्राला धक्का दिला.

पाण्याखालची लाट

वारा आठवडा-दहा दिवस उलटा वाहिला आणि मग निवला, पण पाण्याला ढकललेलं राहिलंच. गरम पाण्याचा थर मध्य पॅसिफिकमध्ये जाड झाला आणि तो जाडपणा लाट म्हणून पूर्वेला निघाला. ही समुद्रातली केल्विन लाट, किनाऱ्यावर फुटणारी लाट डोळ्यासमोर आणू नका, वरून समुद्राची पातळी जेमतेम काही सेंटिमीटर उंचावते, जहाजावरच्या माणसाला कळणार पण नाही, पण खाली गरम आणि थंड पाण्यामधली सीमा कितीतरी मीटर खाली दाबली जाते. वेग दिवसाला साधारण २०० किलोमीटर. तारीखरेषेपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत जायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे मार्चचा धक्का मे महिन्यात पोचतो.

हे बघायला दोन साधनं होती. एक म्हणजे विषुववृत्तावर नांगरून ठेवलेली बोयांची (तरंगत्या मोजयंत्रांची) रांग, त्यांच्या तारेवर वेगवेगळ्या खोलीला थर्मामीटर लावलेले असतात, आणि दुसरं जेसन-२ सॅटेलाइट, समुद्राची उंची मोजणारा. दोन्हींत लाट स्वच्छ दिसत होती. पृष्ठभागाखाली काही ठिकाणी पाणी नेहमीपेक्षा ५ अंशांहून जास्त गरम. समुद्रात ५ अंश म्हणजे काय हे हवेच्या हिशोबाने नका मोजू, तिथे अर्ध्या अंशावरून एल निनो जाहीर होतो.

मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्यानेही एल निनो जाहीर केला. आता तुम्ही म्हणाल, झालं, पॅम-बावीने एल निनो आणला. इथेच थांबायचंय.

२०१४ मध्ये हेच झालं होतं, आणि फुसका बार निघाला

बरोब्बर एक वर्ष आधी, जानेवारी ते मार्च २०१४, पश्चिम पॅसिफिकमध्ये असेच उलटे वारे सुटले होते. अशीच केल्विन लाट निघाली, तिची तुलना १९९७ च्या लाटेशी झाली, आणि तिकडच्या मीडियाने आणि मग आपल्या मीडियाने पण 'सुपर एल निनो' म्हणून रान उठवलं. लाट पूर्वेला पोचली, पेरूजवळचं पाणी तापलं, आणि मग... काही नाही. उन्हाळ्यात पुढचे उलटे वारे आलेच नाहीत, उलट जूनमध्ये पूर्वेकडचा वारा जोरात सुटला आणि जमलेला सगळा खेळ मोडला.

त्यामुळे २०१५ च्या मार्चमध्ये शास्त्रज्ञ लोक दुधाने तोंड पोळल्यासारखे होते, एमजेओचा विक्रमी आकडा समोर असूनही पटकन कोणी 'आला आला' म्हणून ओरडायला तयार नव्हतं, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं. कारण एका जोडीने एल निनो होत नाही. धक्का एकदा देऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आणि मधल्या काळात समुद्राच्या पृष्ठभागाने साथ द्यावी लागते म्हणजे पाणी तापलं, त्याने व्यापारी वारे ढिले पडले, वारे ढिले पडले म्हणून पाणी आणखी तापलं, अशी साखळी लागावी लागते.

२०१५ मध्ये ती लागली. मेमध्ये परत उलटे वारे सुटले. आणि मग जूनच्या शेवटी जे झालं ते माझ्या मते मार्चपेक्षाही जास्त बोलकं आहे, पण त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही कारण त्यात व्हानुआटूसारखी बातमी नव्हती. ३० जूनच्या सुमारास सॉलोमन बेटांजवळ राक्वेल नावाचं वादळ उभं राहिलं. दक्षिण गोलार्धात, ऐन हिवाळ्यात! तिकडचा वादळांचा हंगाम एप्रिलमध्ये संपतो. आणि त्याच वेळी विषुववृत्ताच्या वर चान-होम, मागोमाग नांगका. परत जोडी, परत मधला उलटा वारा, परत नवीन केल्विन लाट. मार्चची जोडी ही सुरुवात होती, जुलैच्या जोडीने प्रकरण पक्कं केलं. नोव्हेंबरपर्यंत मध्य पॅसिफिकचं पाणी आठवड्याच्या सरासरीने नेहमीपेक्षा ३ अंशांच्या आसपास गरम होतं, १९९७ च्या बरोबरीला.

आपल्याकडे काय पोचलं

आपल्या हवामान विभागाने एप्रिल २०१५ मध्ये मान्सून सरासरीच्या ९३ टक्के सांगितला होता, जूनच्या सुरुवातीला तो खाली आणून ८८ केला. तेव्हा शेअर बाजारवाल्यांपासून सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती. आणि जून तर मस्त गेला! देशभरात सरासरीपेक्षा १६ टक्के जास्त पाऊस. लोक म्हणाले बघा, हवामान खातं नेहमीप्रमाणे चुकलं. मराठवाड्यात पेरण्या झाल्या.

मग जुलै. देशाचा पाऊस १६ टक्के कमी. ऑगस्ट २२ टक्के कमी. सप्टेंबर २४ टक्के कमी. जून-जुलैच्या सांध्यावरच्या तारखा जुळवून बघा, तिकडे पश्चिम पॅसिफिकमध्ये राक्वेल आणि चान-होम गरगरत होते, एमजेओचा सगळा ढगांचा बाजार तिकडे भरला होता, आणि इकडे आपलं आभाळ कोरडं. पेरलेलं उगवलं आणि करपलं, बऱ्याच ठिकाणी दुबार पेरणी, आणि तीही गेली. हंगाम संपला तेव्हा देश ८६ टक्क्यांवर, आणि मराठवाड्यात तूट ४० टक्के. आधीचं २०१४ पण देशात १२ टक्के तुटीचंच होतं, त्यामुळे धरणांत शिल्लक काही नव्हती. मांजरा धरण कोरडं पडलं, आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वॅगनची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. जलदूत म्हणायचे तिला.

आता मी असं अजिबात म्हणणार नाही की पॅम-बावीमुळे लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. मधे इतके सांधे आहेत की कुठलाही एक वेगळा पडला असता तर चित्र बदललं असतं. एल निनो म्हणजे दुष्काळ हे समीकरण पण दरवेळी लागू पडत नाही, १९९७ चा एल निनो राक्षसी होता आणि त्या वर्षी भारतात मान्सून १०२ टक्के झाला. उलट २०१४ मध्ये एल निनो धड आलाच नाही तरी पाऊस कमी. आणि लातूरची तहान नुसत्या पावसाने लागली नव्हती, मांजरेच्या खोऱ्यात उसाला किती पाणी जातं हा विषय काढला तर इथे भांडणं लागतील म्हणून सोडतो. पण 'काही संबंध नाही' म्हणणं पण चूक. साखळी होती, ती विषुववृत्तावरच्या वाऱ्यातून गेली, आणि तिचा पहिला ठळक दुवा त्या मार्चमध्ये दिसला होता.

मग असानी-करीमचं काय

हा प्रश्न येणारच, कारण हिंदी महासागरातही जोड्या होतात. एप्रिल २०१९ च्या शेवटी फनी वर आणि लोर्ना खाली अशी जोडी होती, फनी पुढे ३ मे ला पुरीला धडकलं. मे २०२२ मध्ये असानी आणि करीम. बनण्याची पद्धत तीच, एमजेओ, दोन भोवरे, मधला पश्चिमेकडचा वारा.

फरक समुद्रात आहे. पॅसिफिकमध्ये विषुववृत्तावरचा पश्चिमेकडचा वारा म्हणजे बंडखोरी, तिथे नेहमीचा वारा त्याच्या विरुद्ध. हिंदी महासागरात मात्र एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विषुववृत्तावर तसाही पश्चिमेकडूनच वारा असतो, दरवर्षी, आणि तो पाण्याचा एक वेगवान प्रवाह पूर्वेला ढकलतो, क्लाउस विर्तकी यांनी १९७३ मध्ये तो दाखवून दिला म्हणून त्यांच्याच नावाने ओळखतात. म्हणजे इथे जुळी वादळं आली तरी ती चालू वाऱ्यातच भर घालतात, उलटवत काही नाहीत. शिवाय आपला महासागर रुंदीला कमी, ढकललेलं पाणी लवकरच सुमात्राला जाऊन थडकतं, पॅसिफिकसारखं दहा-बारा हजार किलोमीटरचं मोकळं मैदान त्याला मिळत नाही.

असानी ११ मे च्या संध्याकाळी मच्छलीपट्टणम आणि नरसापूरच्या मधे आंध्रच्या किनाऱ्यावर कमजोर होऊन चढलं, करीम ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला भर समुद्रात विरलं. पॅसिफिकमध्ये तेव्हा ला निना (एल निनोच्या उलट, पाणी नेहमीपेक्षा थंड) चालू होता आणि तो तसाच चालू राहिला, आणि त्या वर्षी देशात मान्सून १०६ टक्के झाला.